एफ-८ कोणी दाबलं?

विंडोज एक्सपी टाकताना सुरुवातीलाच एक निळा पडदा यायचा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत भरगच्च इंग्रजी मजकूर आणि तळाशी तीन कळांची नावं : एफ-८ म्हणजे मान्य, एस्केप म्हणजे अमान्य, पेज डाउन म्हणजे पुढचं पान. २००१ नंतरच्या आठ-दहा वर्षांत ज्यांनी एकदा तरी संगणक 'फॉर्मॅट मारला' असेल, त्यांची बोटं आजही झोपेत एफ-८ वर जातील. पेज डाउन दाबणारा माणूस मात्र मी पाहिलेला नाही.

तो मजकूर म्हणजे करार होता. आणि तो वाचला असता, तर वाळूजच्या निम्म्या वर्कशॉपवाल्यांना धक्का बसला असता. कसा, ते सांगतो.

औरंगाबाद (शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, जुन्या काळाबद्दल लिहिताना मी जुनंच नाव ठेवतो) हे तसं दोन जागी राहणारं गाव. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारी लहान-मोठी वर्कशॉपं उभी राहिली. मशीन वाळूजला, पण मालक राहणार समर्थनगरात नाहीतर सिडकोत, आणि सीए असणार औरंगपुऱ्यात किंवा उस्मानपुऱ्यात. मधे नगर रस्त्यावरचे ट्रक. चलन, स्टॉक, पगार सगळं वाळूजच्या एका संगणकावर. ते बघायचं तर उठून तिकडे जा, नाहीतर अकाउंटंटने फ्लॉपीत आणि नंतर पेनड्राइव्हमध्ये डेटा भरून आणावा. २००५ च्या सुमारास बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि कुणा हुशार पोराने शेठजींना दाखवलं, की घरच्या संगणकावरून वाळूजचा संगणक उघडता येतो. माउस इथे हलवा, बाण तिकडे हलतो. रात्री साडेनऊला जेवण झाल्यावर शेठ पायजम्यात बसून दिवसभराची बिलं बघू लागले. (लोडशेडिंग नसेल तर. तेव्हाचं मराठवाड्यातलं भारनियमन ज्यांना आठवतंय त्यांना जास्त सांगायला नको.)

आता करार काय म्हणत होता? एक्सपी प्रोफेशनलच्या कराराचा सरळ मराठीत आशय असा : रिमोट डेस्कटॉप वापरून तुम्ही या संगणकात दुरून येऊ शकता, पण ज्या संगणकावरून येताय त्यालाही एक्सपी प्रोफेशनलचा स्वतंत्र परवाना हवा. याला एक अपवाद. जो माणूस त्या यजमान संगणकाचा 'एकमेव मुख्य वापरकर्ता' आहे, त्याने कुठूनही यावं, त्याला दुसरा परवाना लागणार नाही.

वाळूजच्या संगणकाचा एकमेव मुख्य वापरकर्ता कोण? रोज सकाळी नऊ ते सहा त्यावर बसणारा अकाउंटंट. म्हणजे अकाउंटंटने आपल्या घरून, सायबर कॅफेतून, सासरवाडीहून त्या संगणकात शिरावं, कराराची हरकत नाही. पण ज्याने पैसे मोजले, ज्याच्या नावावर बिल आहे, तो शेठ मुख्य वापरकर्ता नाही. त्याच्या घरच्या संगणकावर बहुधा एक्सपी होम असायचं, कारण ते स्वस्त. होम आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकात जाता यायचं, तांत्रिक अडचण काही नव्हती. पडदा उघडायचा, बिलं दिसायची. फक्त करार मोडलेला असायचा. शेठला पत्ता नाही आणि संगणकालाही नाही.

शेठजींचा प्रश्न मग साधा असणार : पैसे मी दिले, मशीन माझं, मग माझ्याच मशीनवर बसायला मला कोणाची परवानगी लागते हो?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधताना संगणकाचा निम्मा इतिहास उलगडतो.

आणखी एक गंमत त्याच कलमात होती. त्यात लिहिलं होतं की रिमोट डेस्कटॉप 'किंवा तशाच कामासाठी तशीच सोय देणारं दुसरं सॉफ्टवेअर'. म्हणजे मायक्रोसॉफ्टचं साधन टाळून कोणी व्हीएनसी टाकलं तरी सुटका नव्हती. व्हीएनसी हे केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत जन्मलेलं साधन, १९९८ पासून जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना मोकळं. पुढे ती प्रयोगशाळा एटी अँड टीकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली आणि तिथल्याच काही जणांनी वेगळी कंपनी काढली. व्हीएनसीचा स्वतःचा परवाना म्हणतो : वापरा, वाटा, बदला, धंद्यासाठी वापरा. पण ते ज्या घरात बसवायचं त्या घराचा, म्हणजे विंडोजचा, करार वेगळा. पाहुणा कितीही मोकळ्या मनाचा असला तरी घराचे नियम घरमालकाचेच. त्या काळातल्या चर्चांमध्ये 'व्हीएनसी टाका, फुकट आहे' हा सल्ला इतका सर्रास दिला जायचा, की सल्ला देणाऱ्यांपैकी कोणी पलीकडचा करार उघडून पाहिला असेल असं वाटत नाही.

उलट रिमोट असिस्टन्स नावाच्या दुसऱ्या सोयीला करार अगदी उदार होता. त्यात समोर बसलेला माणूस 'या' म्हणतो आणि मगच तुम्ही आत येता. त्यासाठी कितीही जण, कुठूनही, वेगळा परवाना नको. म्हणजे अकाउंटंट खुर्चीत बसून 'या शेठ' म्हणाला तर शेठ कायदेशीर. रात्री ऑफिस बंद असताना शेठ एकटे आत शिरले तर बेकायदेशीर. मालकाला नोकराच्या हजेरीत परवानगी!

या कलमाला वेडगळ म्हणून हसणं सोपं आहे, पण त्यामागे एक सरळ व्यापारी हिशेब आहे.

फार मागे जायचं तर संगणक सहसा विकत घेतले जात नसत. आयबीएमची १४०१ यंत्रं १९६० च्या दशकात मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत आली ती भाड्याने. यंत्र आयबीएमचं, दुरुस्ती आयबीएमची, प्रोग्रॅमही त्यातच आले. किती वापरता, कोण वापरतं, हे भाडेकराराचे प्रश्न होते, आणि त्यात कोणाला विचित्र वाटायचं नाही. भाड्याच्या घरात पोटभाडेकरू ठेवू नये हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. १९७७ च्या शेवटी जनता सरकारच्या काळात परकीय भांडवलाच्या कायद्यावरून खटका उडून आयबीएमने भारत सोडायचं ठरवलं आणि १९७८ मध्ये ती गेलीही. ती हकिगत सगळ्यांना माहीत असते. त्या मानाने कमी आठवली जाते ती जून १९६९ ची घोषणा. तेव्हा आयबीएमने अमेरिकेत जाहीर केलं की इथून पुढे यंत्राची किंमत वेगळी आणि प्रोग्रॅमची वेगळी. यंत्र पुढे विकत मिळू लागलं, घरी आलं, टेबलावर बसलं. प्रोग्रॅम मात्र भाडेकराराची भाषा तशीच घेऊन आला. डबा दुकानातून आणायचा, बिल घ्यायचं, पण आतल्या कागदावर लिहिलेलं की आम्ही हे तुम्हाला विकलेलं नाही, वापरायची परवानगी दिली आहे.

टेबलावरच्या संगणकात ही भाषा बरीच वर्षं कोणाला टोचली नाही, कारण एक डबा, एक खुर्ची, एक माणूस असा मेळ आपोआप बसत होता. परवाना संगणक मोजो की माणूस मोजो, आकडा एकच यायचा. दूरवरून बसायची सोय आली आणि हा मेळ तुटला. आता एका डब्यावर दहा जण बसू शकत होते.

ते पहिल्यांदा धंद्याच्या पातळीवर जमवलं सिट्रिक्स या कंपनीने. १९८९ मध्ये ती स्थापन करणारे एड इयाकोबुची आधी आयबीएममध्ये होते, ओएस/२ च्या कामात. सिट्रिक्सने मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीचा मूळ प्रोग्रॅम बदलायचा परवाना घेतला आणि १९९५ मध्ये विनफ्रेम आणलं. एक दणकट सर्व्हर, त्यावर एकाच वेळी अनेक माणसं, प्रत्येकाला स्वतःचं विंडोज दिसतंय, आणि समोर जुना-पुराणा संगणक असला तरी चालतंय. युनिक्सवाल्यांना यात नवल नव्हतं. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेली एक्स विंडो ही व्यवस्था हेच करायची, आणि तीत माणसं मोजणारं कोणी नव्हतं. पण हे विंडोज होतं, आणि एका विंडोजवर दहा माणसं म्हणजे नऊ विंडोज न खपणं.

फेब्रुवारी १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सला कळवलं की ही सोय आम्ही आमची आम्ही बनवणार आहोत. बातमी फुटली त्या दिवशी सिट्रिक्सचा शेअर निम्म्याहून खाली कोसळला. एका कंपनीचं अख्खं अस्तित्व दुसरीच्या परवान्यावर उभं होतं हे त्या दिवशी बाजाराला दिसलं. मे महिन्यात तडजोड झाली : मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सचं तंत्र घेतलं, त्यापोटी साडेसात कोटी डॉलर लगेच आणि पुढे आणखी दहा कोटींपर्यंत द्यायचं कबूल केलं. १९९८ मध्ये विंडोज एनटी ४ ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली.

तिच्यात परवान्याची खरी कारागिरी दिसते. सर्व्हरचा परवाना तर हवाच, त्याला जोडणाऱ्या प्रत्येक संगणकाला प्रवेशाचा परवाना हवा, आणि वर प्रत्येक जोडणाऱ्या संगणकामागे एनटी वर्कस्टेशनचाही परवाना हवा, त्या संगणकावर एनटी टाकलेलं नसलं तरी! ज्या कारखानदाराने 'जुने ४८६ फेकायला नकोत, त्यांनाच टर्मिनल करू' असा हिशेब मांडला, त्याचा यंत्रात वाचलेला पैसा परवान्यात गेला. पुढे २००० च्या सर्व्हरमध्ये थोडी सूट मिळाली : तुमच्याकडे विंडोज २००० प्रोफेशनल असेल तर टर्मिनलचा वेगळा परवाना लागत नसे. २००३ च्या सर्व्हरमध्ये ती सूटही गेली. प्रशासकाला देखभालीसाठी दोन जोडण्या मोफत, तिसरा माणूस आला की मोजायला सुरुवात. परवाने मोजणारा एक वेगळा सर्व्हर बसवायचा, आणि तो बसवला नाही तर १२० दिवसांनी दार बंद. औरंगाबादेतल्या कित्येक सिस्टिम ॲडमिनना या १२० दिवसांचा अर्थ एकशे एकविसाव्या दिवशी सकाळी कळला असणार, कारण सगळं काही चार महिने उत्तम चाललेलं असतं.

या पार्श्वभूमीवर एक्सपीचं ते कलम वाचलं की त्यातला हिशेब उलगडतो. एक्सपी प्रोफेशनलमध्ये रिमोट डेस्कटॉप दिला, पण एका वेळी एकच माणूस. तुम्ही दुरून आत आलात की वाळूजच्या टेबलावरचा पडदा कुलूपबंद होणार. (अकाउंटंट बिचारा बिल छापत असताना पडदा अचानक जायचा, आणि त्याला वाटायचं व्हायरस आला.) हे यंत्राच्या कुवतीमुळे नव्हतं. २००४ च्या सर्व्हिस पॅक-२ च्या चाचणी आवृत्तीत तर एकाच वेळी दोघांना बसू द्यायची सोय आलीही होती. अंतिम आवृत्तीतून ती काढून टाकली. लोकांनी मग एक फाइल बदलून ती परत आणली. आणि अलीकडचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये विंडोज १० ची अनेकांना एकाच वेळी बसू देणारी आवृत्ती अधिकृतपणे आली, फक्त ती मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या क्लाउडवर भाड्याने मिळायची. तुमच्या टेबलावरच्या विंडोजला मात्र आजही एकावेळी एकच.

ऑफिसचंही तेच. दुकानातून डब्यात आणलेलं ऑफिस २००७ टर्मिनल सर्व्हरवर टाकलं तर ते उघडतच नसे. थेट सांगे की ही प्रत इथे चालणार नाही, घाऊक परवान्याची आणा. हे निदान तोंडावर तरी सांगणारं होतं. एक्सपीचं कलम मुकं होतं.

२०१२ मध्ये तर एका कंपनीने आयपॅडवर विंडोज ७ दाखवणारी सेवा काढली, ऑनलाइव्ह तिचं नाव. लोक खूश झाले. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टच्या परवाना विभागाच्या प्रमुखाने जाहीरपणे लिहिलं की हे आमच्या अटींत बसत नाही, आणि एप्रिलमध्ये ऑनलाइव्हने गुपचूप आतलं विंडोज ७ काढून सर्व्हरची आवृत्ती बसवली. वापरणाऱ्याला फरक फारसा जाणवला नाही. पडद्यावरचं चित्र जवळपास तेच, मागचा कागद वेगळा.

आता मूळ मुद्द्याकडे, शेठजींच्या प्रश्नाकडे. विकत घेतलं की नाही घेतलं?

भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण वापरणाऱ्यांमुळे नव्हे, करामुळे. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडून आंध्र प्रदेश सरकारने तयार सॉफ्टवेअरवर विक्रीकर मागितला. टीसीएसचं म्हणणं, ही बौद्धिक संपदा आहे, हाताला लागणारी वस्तू नाही, मग विक्रीकर कसला? ५ नोव्हेंबर २००४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला : दुकानात तयार मिळणारं सॉफ्टवेअर हा माल आहे, त्याची विक्री ही विक्रीच. झालं. आता सरकारच्या लेखी शेठजींनी वस्तू विकत घेतली होती. मग १६ मे २००८ पासून केंद्राने सॉफ्टवेअरवर सेवाकरही लावला, कारण वापरायचा हक्क देणं ही सेवा. पुढची काही वर्षं बऱ्याच बिलांवर व्हॅटही आणि सेवाकरही. एकाच डब्याला राज्य सरकार माल म्हणतंय, केंद्र सरकार सेवा म्हणतंय आणि आतला कागद म्हणतोय परवानगी. तिघांपैकी कोणाचंही ऐकलं तरी पैसे शेठजींनीच द्यायचे. २०१७ च्या जीएसटीने दोन करांचा एक केला तेव्हा हा तमाशा थांबला.

२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा दुसरा मोठा निकाल आला, इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर या कंपनीच्या अपिलावर. न्या. नरिमन, न्या. हेमंत गुप्ता आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई (पुढे ते सरन्यायाधीश झाले). प्रश्न होता परदेशी सॉफ्टवेअर कंपनीला दिलेले पैसे ही रॉयल्टी का, म्हणजे त्यातून कर कापायचा का. न्यायालयाने असे कित्येक करार उघडून कलमागून कलम वाचलं. (एफ-८ न दाबता, पेज डाउन दाबत!) आणि सांगितलं की वापरणाऱ्याला मिळतो तो प्रताधिकारातला वाटा नव्हे, तर एका प्रतीचा मर्यादित उपयोग, कराराला नाव परवान्याचं असलं तरी करापुरती ही मालाची विक्री आहे, रॉयल्टी नाही.

शेठजी जिंकले? अर्धे. वस्तू त्यांची झाली, पण अटी सुटल्या नाहीत. उलट त्याच निकालात त्या मर्यादा नेमक्या शब्दांत नोंदल्या गेल्या : वापरा, पण नक्कल करू नका, दुसऱ्याला पोटपरवाना देऊ नका, ठरल्यापलीकडे वापरू नका. आपल्या प्रताधिकार कायद्यातही वैध प्रत बाळगणाऱ्याला नक्कल करायची जी सूट आहे, ती 'ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला त्या कामासाठी' एवढीच, शिवाय राखीव प्रत ठेवायची. आणि ज्या कलमाची भीती घातली जाते ते ६३-बी, किमान सात दिवस कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड, ते चोरीची प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दल आहे. खऱ्या प्रतीवर चुकीचा माणूस दुरून बसला तर तो मुख्यतः कराराचा वाद.

पण इथे मला एक गोष्ट सलते. त्या काळात औरंगाबादेतल्या जोडलेल्या संगणकांवर किती खरी विंडोज होती? हसू नका. नेहरू प्लेसहून किंवा लॅमिंग्टन रोडवरून आलेल्या सीडीवर मार्करने किल्ली लिहिलेली असायची. ज्याने ती टाकली त्याने सगळाच कायदा मोडला होता, त्यामुळे मुख्य वापरकर्त्याचं कलम मोडण्याचा प्रश्नच त्याला नव्हता. ते कलम आडवं आलं ते फक्त ज्याने खरे पैसे मोजून खरी प्रत घेतली त्याला. आणि त्यानेही एफ-८ दाबलं नव्हतं. ते दाबलं होतं संगणक जोडून देणाऱ्या पोराने, दुकानातल्या बाकावर, मालाचं बिल फाडायच्या आधी. करार झाला तो दुकानातल्या पोरात आणि अमेरिकेतल्या कंपनीत. शेठ त्यात कुठे होते?

२००५ मध्ये जर्मनीत टीमव्ह्यूअर आलं आणि सगळा गुंता सोपा झाल्यासारखा वाटला. आयपी पत्ता नको, राउटरमध्ये छिद्र पाडणं नको. नऊ आकडे सांगा, पासवर्ड सांगा, संपलं. याच्या परवान्याने माणूस मोजला नाही, यंत्रही मोजलं नाही. त्याने हेतू मोजला. खाजगी कामाला फुकट, धंद्याला पैसे.

वरवर हे किती न्याय्य वाटतं. पण भारतातल्या लहान धंद्याला खाजगी आणि धंदा यांच्यामधली रेघ दाखवून तर बघा. पुण्याचा भाचा सिडकोतल्या मावशीच्या संगणकावर येऊन देवनागरी टाइप करायची सोय करून देतो, हे खाजगी. त्याच संगणकावर मावशीच्या यजमानांच्या दुकानाची उधारी आहे, भाचा ती वही नीट करून देतो, पैसे घेत नाही. हे काय? घरचं की दुकानचं? भाच्यालाच सांगता येणार नाही. पण सॉफ्टवेअरने ठरवलेलं असतं. 'व्यावसायिक वापराचा संशय' अशी सूचना झळकते आणि जोडणी पाच मिनिटांत तुटते. मग अर्ज करा, मी धंदा करत नाही हो असं लिहून द्या. संशय त्यांना यायचा आणि पुरावा आपण द्यायचा. २०१४ च्या जानेवारीत लॉगमीइन या दुसऱ्या कंपनीने तर मोफत सेवा बंद करताना लोकांना जेमतेम सात दिवस दिले. फुकटच्या परवान्यात हेही येतं, देणारा कधीही हात काढून घेऊ शकतो. तरीही धंद्यासाठी वापरणाऱ्याने पैसे द्यावेत या मूळ मागणीत मला काही गैर दिसत नाही. ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही घर आहे. गैर आहे ते मोजमाप.

सीए मंडळींची गोष्ट याहून अडचणीची. कंपनी खात्याचा एमसीए-२१ कारभार २००६ मध्ये सुरू झाला आणि कागदावरची सही जाऊन डिजिटल सही आली. ती राहते पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये. संचालकाचं टोकन वाळूजला, फॉर्म भरणारा सीए उस्मानपुऱ्यात. सीए म्हणतो, मी रिमोट डेस्कटॉपने तुमच्या संगणकात येतो, टोकन तिकडे लावा. ते लावतात, आणि संगणक म्हणतो टोकन सापडलं नाही! कारण विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची रचना अशी, की दुरून बसलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या बाजूला लावलेलं स्मार्टकार्ड दिसतं, यजमान संगणकाला लावलेलं दिसत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण म्हणून सीएला असं साधन लागतं जे समोरचा पडदा आहे तसा दाखवतं, म्हणजे टीमव्ह्यूअर किंवा २०१४ नंतर ॲनीडेस्क. आणि त्यांचं मोफत रूप धंद्याला चालत नाही. विंडोजबरोबर विकत मिळालेलं साधन या कामाला निरुपयोगी, आणि उपयोगी साधन या कामाला मना. (टोकन ज्याचं त्याच्याकडेच असावं असा नियम आहे. प्रत्यक्षात किती कार्यालयांच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेली टोकनांची जुडी असते ते तुम्ही जाणता. परवाना पाळायचा तर सहीचा नियम मोडतो, असा हा पेच.)

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर सगळेच अकाउंटंट घरी आणि सगळे संगणक वाळूज-चिकलठाण्यात अशी अवस्था झाली. त्या काही महिन्यांत मुख्य वापरकर्ता कोण, हेतू कोणता, हे विचारायला कोणालाच सवड नव्हती. जे चाललं ते चालू दिलं. काही जणांनी तेव्हा पहिल्यांदा ॲनीडेस्कचे पैसे भरले, काहींनी हिशेबच क्लाउडवर नेले, म्हणजे पुन्हा महिन्याच्या भाड्यावर आले.

एक्सपी केव्हाच इतिहासजमा झालं. विंडोज ११ च्या करारात 'एकमेव मुख्य वापरकर्ता' हे शब्द नाहीत, पण कल्पना आहे. आता म्हणतात की त्या यंत्रावर प्रत्यक्ष बसणाऱ्या एका माणसाला तुम्ही परवानाधारक म्हणून नेमा, नव्वद दिवसांत एकदाच बदलता येईल. तो कुठूनही येऊ शकतो. बाकीच्यांनी वेगळ्या वेळी यावं, आणि तेही तितक्याच किंवा वरच्या दर्जाचा परवाना असलेल्या यंत्रावरून. निळा पडदा गेला, एफ-८ गेलं. आता माउसने एक बटण दाबायचं. ते दाबतो अजूनही जोडून देणारा पोरगाच.

ऑक्टोबर संपत आला की कंपन्यांचे ताळेबंद दाखल करायची घाई उडते. तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या काही कार्यालयांतून संध्याकाळी एखादा आर्टिकल लॅपटॉपची बॅग पाठीला लावून स्कूटरवर वाळूजच्या दिशेने निघतो. तिथे संचालक टोकन काढून देतात, समोर बसून पासवर्ड टाकतात, सही होते. तासाभराचं काम. चहा होतो. परतताना नगर नाक्यावर ट्रक लागलेले असतात.